माधवला पाण्यात ठेवून

आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक पेटी होती. जांभळाच्या फळ्यांची, लोखंडी कड्यांची, बसायला सोयीची. भोरच्या एका वकिलांची मुलं मोठी झाली तेव्हा त्यांनी मुलांची जुनी पुस्तकं त्या पेटीत भरून विंझरला पाठवून दिली होती. ती बैलगाडीतून उतरली तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळा अर्धा तास बंद ठेवली. सगळी पुस्तकं उन्हात मांडली, प्रत्येकाला जाड खाकी कागदाचं वेष्टण चढवलं, तळाला कडुनिंबाचा पाला घातला आणि झाकणावर चुन्यानं ठळक अक्षरात ‘ग्रंथालय’ असं लिहिलं. गावानं तो शब्द वाचला, मान डोलावली आणि पहिल्या दिवसापासून तिला पेटीच म्हटलं. “शनवारी पेटी हाय का?” असं पोरं विचारत. नाना दर वेळी “ग्रंथालय आहे,” म्हणून दुरुस्त करत. शेवटपर्यंत दोन्ही बाजूंनी माघार घेतली नाही.

आम्ही मूळचे भोरचे. नाना बोर्डाच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांची बदली होईल तिकडे आईनं पितळी डबे आणि मी माझी पाटी घेऊन जायचं, असं आमचं चाललेलं. विंझरला शाळेच्याच मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. मधली भिंत आढ्यापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे शाळेतले पाढे आमच्या चुलीपर्यंत यायचे आणि आमच्या चुलीवरचं सगळं शाळेत जायचं. आई शाळेची पायरी कधी चढली नव्हती, पण ऐकून ऐकून तिचे तिसापर्यंतचे पाढे पाठ झाले होते. भिंतीपलीकडे एखादं पोर अडखळलं की पीठ मळता मळता ती इकडून ओरडायची, “सत्तावीस पाचे एकशे पस्तीस!” पोरं खदखदा हसत आणि नाना छडी टेबलावर आपटत, ती छडी कुणासाठी असायची ते मला आजही सांगता येणार नाही. रोजचं जेवण नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. पण कधी कुणी घरचा आंबेमोहोर आणून दिला आणि आईनं तो चुलीवर ठेवला की वास भिंतीवरून पलीकडे जायचा, आणि त्या दिवशीचं शुद्धलेखन कुणाचंच धड व्हायचं नाही.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. चौथी पास झाले होते, पुढची शाळा भोरला, आणि मला तिकडे काकांकडे धाडायचं की नाही यावर घरात वर्षभर विचार चालू होता. तोवर मी रिकामीच. नाना चार इयत्ता एकटे सांभाळायचे, म्हणून बिगरीतली पोरं त्यांनी माझ्याकडे दिली. मी त्यांना धुळाक्षरं गिरवायला लावायची आणि त्यांची नाकं पुसायची. त्यांच्यापुढे मी स्वतःला मास्तरीणच समजत होते. खरं सांगायचं तर फार शहाणी समजत होते.

शनिवारी शाळा सकाळची. शेवटचा तास पेटीचा. नाना झाकण उघडत, एक पुस्तक काढत आणि मोठ्यानं वाचत. सगळ्या इयत्ता एकत्र, जमिनीवर मांडी घालून. नानांचा एकच नियम होता, छापलंय तेच वाचायचं. शब्द गाळायचा नाही, पदरचा घालायचा नाही. मी घरी वाचताना कंटाळून एखादी ओळ उडवली तर हातातलं काम न सोडता ते म्हणत, “वत्सला, मागं जा.” पुस्तक त्यांच्या समोर नसलं तरी त्यांना कसं कळायचं हे मला कोडं होतं. आता कळतं. ते प्रत्येक पुस्तक आधी वाचून ठेवत.

चातुर्मासात त्यांच्यावर आणखी एक काम पडलं. गावानं त्यांना मारुतीच्या देवळात पोथी वाचायला बसवलं. दिवेलागणीला नाना ओवी वाचत आणि धोंडिबा आबा अर्थ सांगत. आबांना अक्षर म्हणून येत नव्हतं. सत्तरीचे असावेत. दिवसभर ते शाळेच्या ओट्यावर बसून अंबाडीचा वाख वळत, दोर करत, आणि आतून ऐकू येणाऱ्या इतिहास-भूगोलावर मान हलवत. पण पोथीचा अर्थ सांगावा तो त्यांनीच. नाना ओवी संपवून थांबले की आबा डोळे मिटून “म्हंजी काय?” असं स्वतःलाच विचारत आणि मग ज्याच्या त्याच्या शेतातला, गोठ्यातला दाखला देऊन सांगत. आई म्हणायची, तुमच्या वाचण्यापेक्षा त्यांचं सांगणं गोड.

रोज दुपारी नाना पोथी उघडून बसायचे, पानं मोजायचे आणि एका ठिकाणी तुळशीचं पान घालून ठेवायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “थांबायची जागा आधी बघून ठेवावी लागते.” मला वाटलं, घशाची काळजी. कारण दिवसा शाळा आणि संध्याकाळी पोथी, यानं त्यांचा आवाज भाद्रपदापर्यंत पार बसला होता. म्हणूनच एका शनिवारी त्यांनी पेटीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं आणि खुणेनं सांगितलं, वाच.

मला वाचायला येत होतं आणि ऐकवायलाही. देवळातल्या मंडळींपेक्षा माझ्यापुढची मंडळी जास्त गोंगाट करणारी होती, पण दहा ओळींत गप्प झाली. तास संपल्याची घंटा नेमकी अशा जागी झाली की गोष्टीतला वाघ झाडाखाली बसलेला आणि लाकूडतोड्या वर. पोरं हलेनात. “फुडं काय? वच्छाताई, फुडं काय?” मी पुस्तक मिटून म्हटलं, “पुढच्या शनिवारी.” आणि पुढच्या शनिवारी काय झालं, तर जी पोरं भातावर पाखरं राखायला जायची म्हणून आठवडाभर शाळेला दिसली नव्हती, तीसुद्धा घंटेच्या आधी ओट्यावर हजर. नाना हजेरी घेताना दोनदा वर बघून खात्री करत होते. त्या दुपारी माझ्या ताटात गुळाचा मोठा खडा पडला.

तेव्हापासून मी घंटेची वाट बघणं सोडलं. मीच जागा शोधायला लागले. वाचता वाचता पुढं नजर टाकायची, कुठं जीव टांगणीला लागतोय ते बघायचं आणि तिथं पुस्तक फाटकन मिटायचं. पोरांनी “आँ!” केलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढचं मी घरीही वाचत नसे. मलाही शनिवारपर्यंत उत्सुकता हवी असायची. आज विचार केला तर वाटतं, त्या वयात कुणाच्या हाती असं काही देऊच नये.

बिगरीत ठकी नावाची सहा वर्षांची मुलगी होती. पुढच्या रांगेत, अगदी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. तिच्या मोठ्या भावाला, हणमाला, आदल्या वर्षी श्रावणात कानंदी नदीनं नेलं होतं. म्हशी पलीकडे गेल्या होत्या, त्या वळवायला तो उतारावर, नदी पायी ओलांडायच्या जागी, पाण्यात शिरला. सापडलाच नाही. आम्ही गावात आलो ते त्यानंतर, दिवाळीत. पहिल्याच दिवशी पोरांनी मला गाव दाखवताना देऊळ दाखवलं, चावडी दाखवली आणि उतारावर उभं राहून सांगितलं, “हितनं ठकीचा भाऊ गेला.” मी ते देवळा-चावडीसारखंच ऐकून ठेवलं होतं. ठकीच्या घरी त्याचं नाव काढत नाहीत, हेही मला माहीत होतं. माहीत असणं आणि ध्यानात असणं या दोन गोष्टी निराळ्या, एवढंच मी माझ्या बाजूनं म्हणू शकते.

त्या शनिवारचं पुस्तक पातळसं होतं. माधव नावाचा मुलगा. आई आजारी, वैद्य नदीपलीकडे, आभाळ फाटलेलं. माधव औषध आणायला निघतो. मी फार छान वाचलं. पाण्याचा आवाज काढला, वाऱ्याचा काढला. “माधवने दुसरे पाऊल टाकले. पाणी छातीपर्यंत आले. एवढ्यात त्याच्या पायाखालचा दगड निसटला आणि...” इथं मी पुस्तक मिटलं. पोरांनी “आँ!” केलं. ठकीनं केलं नाही. तिनं माझ्या परकराचं टोक धरलं आणि विचारलं, “भाईर आला?” मी तिच्या गालाला चिमटा काढून म्हटलं, “शनिवारी ये, म्हणजे कळेल.”

सोमवारी ठकी आली नाही, मंगळवारी आली नाही. बुधवारी सकाळी आई मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती, मी तिच्याजवळ होते, आणि ठकीची आई तानूबाई परड्यातून आली. ती बसली नाही. आईनं पाट सरकवला तरी उभीच.

“मास्तरीनबाई, तुमच्या लेकीला काय समज हाय का न्हाई?”

“काय झालं, तानूबाई?”

“काय व्हायचं ऱ्हायलंय? प्वार पान्यात टाकलं आन पोथी बांदून आली घरला. चार दीस झालं. ठकी धड जेवत न्हाई का निजत न्हाई. दिस उगवला की नदीवर जाऊन बसती. म्या वडून आनती, पुन्हा जाती. म्हनती, माधव वर आला का बगते.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “देवळात मास्तर आसं कदी बांदत्यात का गं? लक्षुमन पडला आसंल तर उटंपत्तोर वाचत्यात. घरोघरची मानसं आयकून जात्यात. काय घिऊन जायाचं त्येनी संगं?”

माझ्या हातातले तांदूळ सुपात पडले. तुळशीचं पान, मोजलेली पानं, सगळं मला त्या क्षणी कळलं. अशी लाज मला आयुष्यात पुन्हा दोन-तीनदाच वाटली असेल. आई उठली, भिंतीशी गेली आणि पाढ्यांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, “अहो, जरा इकडे या.”

नाना आले. त्यांनी तानूबाईचं ऐकून घेतलं, शाळेत गेले, पेटी उघडून ते पुस्तक आणलं आणि दारातच उभे राहून पुढचं वाचलं. दोनच पानं होती. त्यांचं वाचून झालं तरी ते पानाकडेच बघत राहिले.

“पुढचं तू वाचलं होतंस?” त्यांनी मला विचारलं.

“नाही.”

त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मी वाचलं. माधव बुडतो. गावकरी तीन दिवस शोधतात, सापडत नाही. खाली एक रेघ आणि मग उपदेश. मी पुस्तक मिटलं आणि जे त्या घरात कुणी कधी म्हटलं नसतं ते म्हटलं. “नाना, मी ठकीला सांगते, वाचला म्हणून. एका लाकडाला धरून काठाला लागला. तिला कुठं वाचता येतंय?”

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण नानांनी तानूबाईकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुम्ही सांगाल तसं करू.” कुणाला असं विचारताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तानूबाईनं डोईवरचा पदर नीट केला. “वाचला न्हाई का त्यो?”

“नाही.”

“मंग वाचला म्हनून सांगू नगा. त्ये सांगितलं तर ही जलमभर नदीवर बसंल. म्या बसले न्हवं वरीसभर! ज्यो त्यो म्हनायचा, काठाला लागला आसंल, कुनाच्या गोठ्यात आसंल, यील. पार मार्गासनीपत्तोर हुडकत गेले म्या. कुनी येकानं बी धड म्हनलं न्हाई, तानू, त्यो गेला.”

“अगं, पण मेला म्हणून तरी कसं सांगायचं त्या एवढ्याशा पोरीला?” आई म्हणाली.

परड्याच्या कडेला आबा येऊन उभे होते. शाळेतले पाढे मधेच थांबले म्हणजे काहीतरी आहे, हे ओट्यावर त्यांना कळलं असणार. हातात अर्धा वळलेला दोर तसाच होता. “लिवलंय त्ये वाचावं,” ते म्हणाले. “पर मेल्यापाशी पोथी बांदू न्हाई. फुडं जन्म न्हाई तर लगीन येईस्तवर वाचत ऱ्हावं.”

“आबा, पुढं काही नाही. पुस्तक तिथंच संपतं,” नाना म्हणाले.

“पुस्तक सपलं आसंल. पेटी कुठं सपली? दुसरं काढा.” मग दोराचं टोक माझ्याकडे करून, “आन ही पोरगी वाचंल. हिनं बांदलीया, हिनंच सोडायची.”

अशी आमच्या शाळेत बुधवारी पेटी उघडली. दुपारची सुट्टी झाल्यावर नानांनी पोरांना घरी सोडलं नाही. तानूबाई नदीवरून ठकीला घेऊन आली. ठकी नेहमीच्या जागी बसली, गुडघ्याला गुडघा लावून, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पुस्तकाकडे पाहिलं. तानूबाई दाराशी उंबऱ्याच्या आत बसली. आबा आत आले आणि देवळात बसतात तसे माझ्या उजव्या हाताला बसले. नाना मागे भिंतीला टेकून उभे.

मी वाचलं. या वेळी पाण्याचा आवाज काढला नाही. दगड निसटला, माधव वाहून गेला, गावकऱ्यांनी तीन दिवस शोधलं, माधव सापडला नाही. खालची रेघ आली. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे तेही वाच. “म्हणून मुलांनो, पुराच्या पाण्यात कधीही उतरू नये.”

कुणी “आँ!” केलं नाही. ठकी म्हणाली, “आमचा हणमादादा म्हशी आनाया उतरलाता.”

“व्हय,” आबा म्हणाले.

“त्यो बी न्हाई सापडला.”

“न्हाई सापडला.”

“मेला?”

आबांनी दाराकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. तानूबाईनं तोंडाला पदर लावला होता. तिनं तो काढला आणि नीट, ऐकू जाईल असं म्हणाली, “व्हय गं बाय. मेला.” ठकी उठली, जाऊन तिच्या मांडीत बसली आणि मग मोठ्यानं रडली. तानूबाईही रडली. भिंतीपलीकडे आईचा आवाज नव्हता, भांड्याचाही नव्हता. बऱ्याच वेळानं आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “फुडं.”

आता यापुढचं सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं. मी पेटीत हात घालून दुसरं पुस्तक काढलं. एक लोभी व्यापारी, त्याला सगळे सोडून जातात, तो एकटा म्हातारा होऊन मरतो. आबा म्हणाले, “फुडं.” तिसरं, एक चिमणी, तिचं घरटं वादळात पडतं, ती सहनशीलता शिकते. “फुडं.” चौथं, एक आळशी विद्यार्थी, परीक्षेत नापास, पश्चात्ताप. वकिलांच्या मुलांवर काय संस्कार व्हायचे राहिले असतील देव जाणे, पण त्या पेटीत एक धड लग्न निघेना. पाचव्या पुस्तकात एक राजकन्या सापडली, मी हुरळून भराभर वाचत गेले, तर ती शेवटी बैरागीण झाली. पोरांनी उसासे टाकले. उन्हं उतरायला लागली होती. आईनं मधेच येऊन सगळ्यांच्या हातावर शेंगदाणे आणि गूळ ठेवला. शेतावरून परतणाऱ्या बायका भारे खाली टाकून दाराशी बसल्या, आणि आतलं प्रकरण कळल्यावर एकीनं विचारलंसुद्धा, “मास्तर, सरकार समदी मेल्यालीच पुस्तकं धाडतंय व्हय?”

माझा आवाज नानांसारखा बसायला लागला होता. नाना पुढं आले. मला वाटलं, आता तेच वाचतील. पण ते पेटीपाशी उकिडवे बसले, तळापर्यंत हात घातला आणि निंबाच्या पाल्याखालून एक पुस्तक काढलं. गुरांच्या निगेबद्दलचं होतं ते. गोष्टीचं नाही म्हणून कधी कुणी उघडलं नव्हतं. त्यांनी पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि तसंच धरून माझ्यापुढे केलं.

मी वाचलं. “गाय विण्याच्या वेळी गोठा कोरडा व शांत असावा. वासरू जन्मल्यावर त्याच्या नाकातोंडातला चिकटा स्वच्छ फडक्याने पुसावा. मग ते गाईसमोर ठेवावे. गाय त्याला चाटते. चाटल्याने वासराला ऊब येते.”

मी थांबले, कारण आबांनी डोळे मिटले होते. “म्हंजी काय?” त्यांनी स्वतःलाच विचारलं. “म्हंजी आसं, की प्वार वल्लं आसतं. थंडीनं कापतंया. त्याला ठावं नसतं आपून कुठं आलू. मंग त्याची आई त्याला चाटती. हात न्हाईत तिला. जिबंनंच पुसती. पुसून पुसून त्याला सांगती, हितं आलास बाबा, माज्यापाशी आलास.” मग मला म्हणाले, “हं.”

“सशक्त वासरू तासाभरात आपल्या पायांवर उभे राहते. प्रथम ते पडते. त्याला आधार देण्याची घाई करू नये.”

ठकी आईच्या मांडीतून म्हणाली, “ऱ्हायलं उबं?”

“राहतं,” मी म्हटलं. “छापलंय.”

“आदी पडून मंग ऱ्हायलं, का तसंच?”

“आधी पडून, मग उभं.”

आबांनी दोर खाली ठेवला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “बांद आता.”

मी पुस्तक मिटलं. हळू मिटलं. देवळातून कुणीतरी नारळ आणला होता, तो नानांनी शाळेच्या पायरीवर फोडला. शाळेत नारळ फोडणारे नाना मी तेव्हाच पाहिले, आणि तोही गुरांच्या पुस्तकासाठी. खोबऱ्याचा तुकडा ठकीच्या हातावर ठेवला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी धरून खाल्ला. मग दुसरा मागितला.

पोरं पांगली. मी पुस्तकं पेटीत भरत होते. तानूबाई ठकीला कडेवर घेऊन दाराशी थांबली. मला वाटलं ती मला बोलणार, आणि बोलावं अशी माझी इच्छाही होती. तिनं विचारलं, “त्या माधवच्या आईला मंग औषीद कुनी आनून दिलं?”

मी पुस्तक पुन्हा काढलं. शेवटची दोन्ही पानं चाळली. माधव औषध आणायला निघाला त्या पानानंतर आई कुठंच नव्हती. शोधणारे गावकरी होते, नदी होती, उपदेश होता.

“नाही लिहिलं,” मी म्हटलं.

“मला वाटलंच,” ती म्हणाली, आणि गेली.

पुढल्या वर्षी मला भोरला काकांकडे धाडलं. शिकले, मास्तरीण झाले, खऱ्या कपाटांच्या ग्रंथालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवण्यात माझी नोकरी सरली. हाताखालच्या तरुण शिक्षिका म्हणायच्या, बाई, तुम्ही तास संपला तरी वाचत बसता. मी त्यांना कारण सांगितलं नाही. प्रत्येक पुस्तक आधी घरी वाचून त्यात थांबायची जागा मात्र घालून ठेवत होते. तुळस नसली तर बसचं तिकीट. आणि गोष्टीतल्या कुणाची आई मधेच हरवत नाही ना, तेही बघत होते. फार हरवतात. तानूबाईचा प्रश्न मी इतक्या पुस्तकांत शोधला, अजून मला तिला द्यावं असं उत्तर सापडलेलं नाही.

पण हे प्रकरण इथं थांबवलं तर नाना मला म्हणतील, वत्सला, मागं जा. आबा म्हणतील, फुडं. म्हणून आणखी एवढं लिहिते. मी भोरला जाण्याआधी, त्याच वर्षी भाताची झोडपणी उरकल्यावर, एका सकाळी मी शाळेचा ओटा झाडत होते. नदीच्या अंगानं ठकी पळत आली. पाटी नव्हती, केस विंचरलेले नव्हते, हाताला गोठ्याचा वास. तिला इतका दम लागला होता की पहिल्यांदा शब्दच फुटेना.

“आमची गाय व्याली,” ती म्हणाली. “कालवड झाली.”

“उभी राहिली का?” मी विचारलं.

“पडली की आदी,” ठकी म्हणाली. “म्या धरली न्हाई. मंग ऱ्हायली.”